डोंगलची आंघोळ

आमच्या कंपनीत एक संगणक आहे. त्याच्या पोटात दुसरा संगणक आहे, आणि त्या दुसऱ्याच्या पोटात मी आहे. हे मी एकदा फोनवर बायकोला म्हणून दाखवलं, तेव्हा तिनं विचारलं, "झोप होत नाही का नीट तुमची?" ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. कुणी काहीही बोललं तरी तिला त्यात आधी आजार दिसतो. मी मात्र अगदी शुद्धीवर होतो.

कंपनी चाकणची. गाड्यांच्या गिअरबॉक्सवर बसणारी ॲल्युमिनियमची आवरणं आम्ही बनवतो. मी तपासणी विभागात. शॉपफ्लोअरच्या एका कोपऱ्यात काचेच्या दाराची, बारमाही गार ठेवलेली खोली आहे. तिच्यात काळ्या दगडाच्या जाडजूड टेबलावर एक यंत्र उभं आहे. यंत्राला खाली सुईसारखी दांडी आणि दांडीच्या टोकाला माणकाचा बारीक मणी. तो मणी वस्तूला ठिकठिकाणी शिवतो आणि ती किती लांब, किती रुंद, कुठलं भोक किती सरकलंय ते सांगतो. सगळे त्याला सीएमएम म्हणतात. पूर्ण नाव मीसुद्धा फक्त मुलाखतीत सांगितलं होतं. त्याचा रिपोर्ट सोबत असल्याशिवाय गिऱ्हाईक माल उतरवून घेत नाही. म्हणजे रिपोर्ट नाही तर ट्रक हलत नाही, आणि ट्रक हलला नाही की साहेबांचा आवाज चढतो.

यंत्र दणकट आहे, माझ्या नातवंडांनाही पुरेल. रडगाणं आहे ते त्याला चालवणाऱ्या प्रोग्रामचं. तो ज्या जमान्यात लिहिला गेला त्या जमान्यातली विंडोज आताची पोरं ओळखणारही नाहीत. तो बनवणारी परदेशातली कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली. नव्या संगणकावर तो चढतच नाही. त्यामुळे यंत्राला जोडलेला जुनाट संगणक जगवत ठेवणं एवढाच उपाय उरला होता, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. त्याला काही झालं की मी पिंपरीच्या बाजारात जुन्या पार्टच्या एका दुकानात जायचो. दुकानाचे मालक चाचा डब्यातून, पोत्यातून हुडकून नेमकी वस्तू काढून द्यायचे. एकदा मदरबोर्डच गेला. चाचांनी सगळी पोती उलटी केली आणि हात झटकले. "भाऊ, आता हा माल भंगारात पण येत नाय. जेवढा होता तेवढा तुम्हीच नेला."

तेव्हा मला अक्कल सुचली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा रिकामा राहिला असता तर बरं झालं असतं. तो कायमचा जुंपला गेला.

युक्ती अशी होती. नव्या संगणकावर एक प्रोग्राम टाकायचा, जो आपण एक वेगळाच संगणक असल्याचं सोंग घेतो. खोटी डिस्क, खोटी मेमरी, खोटा पडदा. जुन्या संगणकाच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढून त्या सोंगाच्या आत ठेवायची. मग नव्या पडद्यावर एका चौकटीत ती जुनी विंडोज उघडते, तीच हिरवी टेकडी, तेच निळं आभाळ. तिला वाटतं आपण अजून आपल्या जुन्या डब्यातच आहोत. डबा भंगारात गेला, जग कुठल्या कुठे गेलं, याचा तिला पत्ताच नसतो. मी हे घरी माझ्या लॅपटॉपवर हौसेनं शिकलो होतो. कंपनीत ते करून दाखवलं आणि यंत्राचा मणी पुन्हा टकटक करत फिरायला लागला, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी दिवसभर हवेत होतो.

एक कुलूप मात्र तसंच राहिलं. बोटाच्या पेराएवढा डोंगल. प्रोग्राम चोरून कुणी वापरू नये म्हणून मूळ कंपनीनं तो दिलेला. संगणकाला खोचलेला असेल तरच प्रोग्राम उघडतो. त्याला जोड नव्हती, आणि द्यायला मालकही उरला नव्हता. हरवू नये म्हणून मी त्याला लाल नाडी बांधली.

आता हे सगळं चालवण्याची एक रीत होती. आधी बाहेरचा संगणक सुरू करायचा, मग डोंगल खोचायचा, मग तो आतल्याच्या हवाली करायचा आणि मगच आतला उठवायचा. क्रम चुकला की आतला रुसतो. माऊस चौकटीत शिरला की तिथेच अडकतो, इकडे तिकडे आपटतो पण बाहेर येत नाही; उजवीकडचं कंट्रोल बटण दाबलं की सुटतो. संध्याकाळी आतल्याला बंद करायचं नाही, आहे तसा गोठवायचा, म्हणजे सकाळी तो अर्ध्या कामातून उठतो. मी हे मोठ्या अक्षरात लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं होतं. तरी रोज कुणीतरी दारातून ओरडायचंच, "सर, माऊस आत गेला, बाहेर येईना!"

मी शिकवलं नाही असं नाही. पण आमच्याकडे एक न लिहिलेला कायदा आहे: जी वस्तू तुझ्या हातात असताना बिघडली ती तुझ्या बोकांडी. म्हणून सगळे ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि हात पाठीमागे बांधायचे. एकाला मी चांगला तयार केला होता, तर तो शेजारच्या कंपनीत गेला. दुसरा स्पष्टच म्हणाला, "नको राव. काही झालं तर माझ्या अंगावर येईल. तुमचं तुम्हीच बघा." तेव्हापासून आमचं आम्हीच बघतोय.

फोन कुठेही यायचे. दापोडीला रेल्वेच्या कडेला माझी भाड्याची खोली आहे. तिथून कंपनीच्या बसला निघालो की नाशिक फाट्यापाशी पहिला फोन. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना फोन. मेव्हण्याच्या लग्नात जालन्याला पंगतीत बसलो होतो, हातात जिलबी, आणि मी शेजारच्या पाहुण्याच्या कानाला त्रास देत ओरडत होतो, "उजवीकडचं कंट्रोल! उजवीकडचं!" पाहुण्यांनी घाबरून आपलं ताट उजवीकडे सरकवलं. लोक हसले. मीही हसलो, पण जेवण गेलं नाही.

माझं घर जालन्याला. बायकोची नोकरी तिथे, मुलगी तिथे. बायकोची नोकरी सरकारी, ती सोडायची म्हणजे वेडेपणा. माझी खाजगी, ती सोडली तर या वयात दुसरी कोण देतो? पण आमच्याच कंपनीचा दुसरा प्लांट वाळूजला आहे. वाळूजहून जालन्याला रोज जाऊन-येऊन करणारे कितीतरी जण आहेत. बदली मिळाली की संपलं, संध्याकाळचं जेवण घरी. एवढंच मला हवं होतं. दर वर्षी दसरा झाला की बदल्यांचं ठरतं, आणि दर वर्षी साहेब मला केबिनमध्ये बसवून चहा पाजतात. "तुझी बदली मी आजच्या आज करतो रे. पण तू गेलास तर त्या कॉम्प्युटरचं काय? जरा पर्यायी व्यवस्था होऊ दे." साहेब वाईट माणूस असते तर त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, ते ठीक. पण हा हरी पाय धरतो ते सोडतच नाही, आणि गाढवाला घरी जायचंय.

मुलीशी रोज व्हिडिओवर बोलणं होतं. बोलणं म्हणजे काय, ती दोन वाक्यं बोलते आणि फोन कांद्याच्या टोपलीला टेकवून खेळायला पळते. मग मी आमच्या घराचं छत बघत बसतो. पंख्याजवळ एक जाळं आहे, ते मला पाठ झालंय. आतून तिचा आवाज येतो, भांड्यांचा येतो, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतं. मी हॅलो हॅलो करत नाही. छत तर छत.

कंपनीत माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, टूलरूमचे फोरमन. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. चाकणजवळच्या जुन्या गावचे. एमआयडीसीत जमीन गेली तेव्हा जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली, ती आता संपत आली होती, संक्रांतीनंतर निवृत्ती. माझ्या गार खोलीत येऊन ते एसीखाली उभे राहायचे आणि म्हणायचे, "पावणं, ह्या तुमच्या मशिनीखाली आमची बाजरी व्हायची. कणसं अशी हातभर." मी बाहेरगावचा म्हणून ते मला पावणं म्हणायचे, आणि इतक्या वर्षांनंतरही म्हणायचे. मेमध्ये बायको-मुलगी आल्या तेव्हा त्यांनी आम्हाला घरी बोलावून मासवडी-रस्सा खाऊ घातला, पुतण्याच्या जीपमधून आळंदीला नेऊन आणलं. बायकोला निरोप देताना म्हणाले, "सूनबाई, काळजी करू नगा. ह्यास्नी आमी लवकरच धाडतो तुमच्याकडं." ती त्यांच्या पाया पडली. ती सहसा कुणाच्या पाया पडत नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे दसऱ्यापेक्षा खंडेनवमीचं कौतुक जास्त. आदल्या दिवशीपासून सगळा शॉप धुऊन काढतात, मशिनींना झेंडूच्या माळा घालतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत पांढऱ्या कापडावर प्रत्येक विभागाची हत्यारं मांडतात. पाने, हातोडे, व्हर्नियर, मायक्रोमीटर. अकाउंटवाले कॅल्क्युलेटर आणून ठेवतात, सिक्युरिटीवाले शिट्टी. पूजा काकांच्या हातची. एकदा हत्यार पूजेत बसलं की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नारळ फुटेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, हा नियम. कंपनीचे मालकसुद्धा तो पाळतात.

मी त्या सकाळी आतल्या संगणकाला गोठवून, बाहेरचा बंद करून प्रसादाची खोकी उतरवायला गेटवर गेलो होतो. परत आलो तर आरती सुरू झाली होती. टाळ्या वाजवता वाजवता माझी नजर कापडावर गेली. व्हर्नियर आणि मोठा पाना यांच्या मध्ये, विड्याच्या पानावर, लाल नाडी बांधलेला माझा डोंगल होता. ओला. अंगभर हळद-कुंकू. वर तेलाची चकाकी.

आरती संपेपर्यंत मी डोंगलवरून नजर हलवली नाही. संपल्या संपल्या मी काकांना गाठलं. "काका, हे कुणी काढलं?"

"म्या काढलं," काका खुशीत म्हणाले. "दरसाल तुमच्या खोलीचं काय बी नसतं पूजेला. ह्याच्याबिगर तुमची मशीन उघडत न्हाई म्हनता ना, मंग हेच तुमचं हत्यार! समद्या हत्यारांवाणी आंघूळ घातली. आदी दूध, मंग पानी. आन गंजू नगं म्हनून तेलाचा थेंब सोडला."

मी वाकलो आणि हात पुढे केला. तिथल्या तिथे पुसला, सुकवला असता तर कदाचित वाचला असता. पण माझा हात कापडापर्यंत पोचायच्या आत चार-पाच जण एकदम बोलले. "अहो सर, काय करताय? पूजेतलं उचलताय?" काकांनी माझं मनगट हळूच धरलं. "आता न्हाई, पावणं. परवा." सगळा शॉप माझ्याकडे बघत होता. मी हात मागे घेतला, आणि डोंगल खंडेनवमीची रात्र आणि सबंध दसरा त्या पानावर दूध-पाणी पीत पडून राहिला.

कामाच्या पहिल्या सकाळी नारळ फुटला. मी डोंगल उचलला, कोरडा केला, फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं आणि खोचला. त्याचा बारीक हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि गेला. पुन्हा खोचला, दुसऱ्या भोकात खोचला, दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला. काही नाही. आतला संगणक उठला, त्यानं आपली हिरवी टेकडी दाखवली, आणि प्रोग्राम उघडायला गेलो तर म्हणाला, चावी सापडत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या दिवशी कंपनीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. डोंगलचा दिवा उन्हाळ्यापासूनच मधूनमधून मिणमिणायला लागला होता. मला धास्ती बसली, म्हणून मी एका सुट्टीच्या दिवशी येऊन त्याचीही नक्कल काढली होती. आतल्या संगणकाला डोंगल खोचलेलाच आहे असं वाटावं, असा एक छोटा प्रोग्राम. एकदा चालवून पाहिला, चालला. हेड ऑफिसचे लोक असल्या गोष्टींना परवानगी द्यायला वर्ष लावतात, म्हणून कुणाला बोललो नाही. अगदीच अडलं तर असू दे म्हणून माझ्या पेनड्राइव्हवर ठेवला. पेनड्राइव्ह त्या क्षणी माझ्या खिशात होता.

मी तो काढणारच होतो. तेवढ्यात साहेब आले. दार ढकलून उभे राहिले, ट्रक किती उभे आहेत ते बोलले, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि थकून खुर्चीत बसले. "मेलं का रे हे?"

मी म्हणालो, "डोंगल गेलाय, साहेब."

"दुसरा?"

"दुसरा नसतो."

त्यांनी मेलेला डोंगल हातात घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाले, "बरं झालं एका परीनं. मी कधीचं वर सांगतोय, नवीन सिस्टिम घ्या. आता घ्यावीच लागेल. पुण्याच्या डीलरला फोन करतो, त्यांचा माणूस ट्रेनिंग पण देतो सगळ्यांना." दारातून बाहेर पडताना वळले. "आणि नवीन आलं की तू मोकळा. यंदा वाळूजला जा बाबा, मी सही करतो."

माझा हात खिशातच राहिला.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. छातीत इतकं मोकळं वाटलं की मी त्या गार खोलीत एकटाच हसलो. मी काहीही केलेलं नव्हतं. डोंगल काकांनी काढला, आंघोळ काकांनी घातली, पुसायला मला लोकांनी दिलं नाही. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याइतकी सोपी गोष्ट जगात नाही. जेवणाच्या सुट्टीत मी कॅन्टीनच्या मागे जाऊन बायकोला फोन लावला. तिला सगळं सांगितलं, पेनड्राइव्हचं सोडून.

"काय सांगायलात!" ती ओरडलीच. ड्यूटीवर होती, मागे कुणीतरी पेशंट कण्हत होता. "साहेब स्वतः म्हणाले? सही करतो म्हणाले?" मग तिचा आवाज बारीक झाला. "मी संध्याकाळी पोरीला सांगते. नको, तुम्हीच सांगा. नाही, मीच सांगते."

परत येताना पायऱ्यांवरून मी उड्या मारत आलो. आणि एचआरच्या दारासमोर काका दिसले. स्टुलावर बसले होते. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. टोपीशिवाय त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. कपाळाचा वरचा भाग गोरा, पोरासारखा दिसत होता.

मी विचारलं, "काय झालं?"

"लिवून घेत्यात." ते वर न बघता म्हणाले. "वरून इचारलं म्हनं, कुनाच्या हातनं झालं. साहेब म्हनले, काका, माझा विलाज न्हाई, गाड्या हुब्या हायत, नाव द्यावंच लागंल. सांजच्याला मेल जायाची. मंग चौकशी. तवर घरी बसा म्हनत्यात."

संक्रांतीनंतर त्यांचा निरोप समारंभ व्हायचा होता. फेटा, शाल, सगळ्या गावानं गेटपर्यंत यायचं, हे त्यांनी मला रंगवून सांगितलं होतं. ज्या जमिनीवर बापाची बाजरी झाली तिथून फेटा बांधून बाहेर पडायचं, याचं त्यांना फार होतं. आता सस्पेंड होऊन घरी बसायचं, आणि गावाला काय सांगायचं? मला आधी त्यांचा राग आला. कुणी सांगितलं होतं माझ्या वस्तूला हात लावायला? मी तसं बोललोही. "काका, तुम्ही मला एकदा विचारायचं होतं ना."

त्यांनी मान हलवली. "चुकलंच. पर मनात काय वंगाळ न्हवतं, पावणं. तुमची बदली आडली व्हती. मला वाटलं, तुमच्या हत्याराची कदी पूजाच झाली न्हाई, म्हनून आडत आसंल. म्हनून समद्यांच्या आदी त्येला आंघूळ घातली. देवीला म्हनलं, ह्या पावण्याला घरी धाड."

मी तिथे उभा राहू शकलो नाही. खोलीत आलो, दार लावून घेतलं आणि यंत्रासमोर बसलो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गप्प बसलो तर घर; बोललो तर काकांवरची संक्रांत टळली आणि माझी वाळूज गेली. मी स्वतःला पुष्कळ समजावलं. चौकशीत काय होणार, म्हातारा माणूस, ताकीद देतील, सोडतील. कदाचित नाही सोडणार. मी कोण यांचा? पावणा. दर वर्षी मला चहा पाजून परत पाठवलं तेव्हा कोण आडवं आलं होतं? मला सगळ्यांचा राग आला, साहेबांचा, काकांचा, बंद पडलेल्या त्या परदेशी कंपनीचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या हुशारीचा. ती नसती तर हे यंत्र केव्हाच मेलं असतं आणि मी केव्हाच जालन्याला असतो.

मी उठून साहेबांकडे गेलो. म्हणालो, "साहेब, एक शेवटचा प्रयत्न करून बघतो. झालंच चालू, तर काकांचं काय?"

"चालू झालं तर कसली मेल आणि कसलं काय. पण होणार आहे का?"

"आणि माझं?" मी विचारलं. "चालू झालं तरी वाळूजची सही कराल?"

साहेब कपाळ चोळत म्हणाले, "आधी चालू तर कर बाबा." तेव्हाच मला उत्तर कळलं होतं. तरी मी परत आलो, पेनड्राइव्ह काढला, तो प्रोग्राम आतल्या संगणकात चढवला आणि त्याला उठवलं. त्यानं थोडा विचार केला. मग प्रोग्राम उघडला, जणू काही झालंच नव्हतं. दांडी वर गेली, माणकाचा मणी पहिल्या आवरणाला शिवला, आणि टक असा आवाज आला.

बाहेर टाळ्या पडल्या. काचेला नाकं लावून लोक उभेच होते. साहेब धावत आले, मला मिठी मारली, आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? म्हणून मी ह्याला सोडत नाही. आज हा नसता तर काय झालं असतं?" मी पुढचं आवरण टेबलावर चढवलं. वाळूजचा विषय त्या एका वाक्यात मिटला होता, आणि ते वाक्य माझं कौतुक होतं.

शिफ्ट सुटायच्या वेळी काका आले. टोपी डोक्यावर होती. हातात प्रसादाचं खोबरं. माझ्या तळहातावर ते ठेवून त्यांनी माझी मूठ दोन्ही हातांनी मिटली. डोळ्यांत पाणी होतं. "पावलं बगा, पावणं. मेलेली मशीन उठीवली तिनं. मला ठावं व्हतं, पूजा वाया जात न्हाई." मग माझ्याकडे बघून हसले. "आता बदली बी व्हनार. ह्या दिवाळीला तुमी घरी."

"व्हय काका," मी म्हणालो.

बसच्या रांगेत उभा होतो तेव्हा बायकोचा फोन आला. मागून मुलीचा आवाज येत होता, काहीतरी गात होती. बायको म्हणाली, "सांगितलं मी तिला. ऐकायलात ना? मघापासून हेच चाललंय तिचं." मी नुसतं हं म्हणालो. तिनं लगेच ओळखलं. "काय झालं?"

"मशीन चालू झाली."

"आपोआप?"

रांग पुढे सरकली. मी एक पाऊल पुढे झालो. तिला मी तोवर कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि दुपारी जे सांगायचं राहिलं होतं तेही खोट्यातच जमा होतं. मग सगळं सांगितलं. पेनड्राइव्ह, स्टूल, टोपी, देवीला म्हटलेलं वाक्य. मुलीचं गाणं लांब गेलं. फोन घेऊन ती बाहेरच्या ओट्यावर आली असावी.

"बरं केलं तुम्ही," ती म्हणाली. "नसतं केलं तर मला आवडलं नसतं."

आणि मग ती रडायला लागली.